हात बधिर होतो, मग शेती सोडायची का?

खानापूर असो, निपाणी असो की अथणी, आरोग्य शिबिरात शेतात राबणाऱ्या बायकांकडून एक तक्रार हमखास येते. रात्री हाताला मुंग्या येतात, बोटं बधिर पडतात. मागोमाग भीती येते: लकवा तर नाही? काम सोडावं लागणार का?

खानापूर तालुक्यातल्या एका आक्कांचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत. वय ४७. पावसाळ्यात भाताची लावण, मग भांगलण. "मॅडम, रातचं हात मेल्यागत होतोय. झाडला की जरा बरं वाटतंय. खुरप्यानंच झालंय की हे!" नवऱ्यानं तर जमीन वाट्यानं द्यायचंच ठरवलं होतं.

मी आधी करंगळीची चौकशी केली. करंगळी ठीक होती. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर. मनगटात हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामधल्या अरुंद वाटेनं ९ स्नायुरज्जू आणि एक नस तळहातात जाते. आत सूज आली की ती नस दाबली जाते. हा कार्पल टनेल सिंड्रोम. करंगळीला संवेदना देणारी नस वेगळी, म्हणून ती बहुधा सुटते. लकव्यात सहसा अचानक एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो, तोंड वाकडं होतं, बोलणं अडखळतं. तसं झालं तर घरी न थांबता लगेच दवाखाना गाठायचा.

"पण आक्का, खुरपं उजव्या हातात. मग डावा का बधिर होतो?"

त्या गप्प झाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "आणि जाऊबाई पण माझ्याएवढंच भांगलतात. त्यांना काय न्हाई."

इथून खरं बोलणं सुरू झालं. कामाचा वाटा असतोच. मूठ घट्ट आवळून, मनगट वाकवून तासन्‌तास काम केलं, गवत कापायचं यंत्र चालवलं, की त्रास वाढतो. पण सगळा दोष शेतावर टाकला की बाकीचं कुणी तपासतच नाही. थायरॉईड कमी पडलं की अंगात सूज धरते, मनगटातही. मधुमेहात नस आधीच नाजूक झालेली असते. वाढलेलं वजन, पाळी जाण्याचा काळ, संधिवात, मनगटाचं जुनं फ्रॅक्चर यांनीही हा त्रास जडतो. काहींचा मनगटातला मार्ग जन्मतःच अरुंद असतो. आईला त्रास असेल तर लेकीलाही होऊ शकतो. गरोदर सुनेलाही शेवटच्या महिन्यांत मुंग्या येतात. तिचा त्रास बहुतेक वेळा बाळंतपणानंतर ओसरतो.

आक्कांचं वजन वर्षभरात वाढलं होतं, थंडी सोसत नव्हती, केस गळत होते. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. "वयानं होतंय" म्हणून सोडून दिलेलं. बायका स्वतःबद्दल हे वाक्य फार सहज बोलतात, मला त्याचा राग येतो.

डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक, बरंच वाढलेलं निघालं, साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. थायरॉईडची गोळी सुरू झाली: सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, आणि चहा किमान अर्ध्या तासानं. चहाचं ऐकून त्यांनी जमीन सोडण्यापेक्षा मोठा चेहरा केला! रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधायचा. नस चढली म्हणून जोरानं चोळून घेणं बंद. भांगलण चालू, पण मध्ये मध्ये हात सोडून, जाड मुठीच्या खुरप्यानं.

नवऱ्याला मी स्पष्ट सांगितलं, जमीन वाट्यानं द्यायची तर घरच्या हिशोबानं द्या, या हातासाठी घाई नको.

दोन-तीन महिन्यांत रात्रीची जाग कमी झाली, डावा हात मोकळा झाला. उजव्याचं मधलं बोट मात्र दिवसाही बधिर राहतं आणि हातातून वस्तू निसटतात. अंगठ्याखालचा मांसल भाग झिजू लागला तर नस कायमची दुबळी होऊ शकते. म्हणून आता नसेची तपासणी ठरली आहे. गरज पडली तर मनगटाच्या आतला तो जाड पट्टा मोकळा करायची छोटी शस्त्रक्रिया, बहुधा फक्त हात बधिर करून. आक्कांनी विचारलं, "लावणीच्या आधी होईल न्हवं?"