आधी कलम १९ वाच

पोरा, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी चिडलो. मग सूनबाईचा आणि छोटीचा फोटो पाहिला, तेव्हा जरा निवळलो. अर्जाला कागद कोणते लागतात, मुलाखतीत काय विचारतात, किती वर्षं थांबावं लागतं, सगळं विचारलंस. थाई नागरिकत्व मिळतं कसं याच्याच चौकश्या. मिळालेलं जातं कसं, हे पानभर पत्रात एकदाही विचारलं नाहीस. वर त्या इंग्रज सहकाऱ्याचा सल्ला जोडलास की जुना पासपोर्ट कपाटात ठेवून द्यायचा, कोणी विचारत नाही.

त्याला नसेल विचारत. ब्रिटन आपल्या माणसाला दुसरं नागरिकत्व ठेवू देतं. तुझी गोष्ट वेगळी आहे. आपला १९५५ चा नागरिकत्व कायदा काढ आणि त्यातलं कलम ९ वाच. स्वेच्छेनं परदेशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. तू राजीनामा दिलास का, वकिलातीला कळवलंस का, याच्याशी त्याचा संबंध नाही. थायलंडच्या राजपत्रात तुझं नाव छापून आलं की तू थाई होतोस आणि भारतीय राहत नाहीस. त्यानंतर तो निळा पासपोर्ट घेऊन विमानात बसणं हा गुन्हा आहे. तो वकिलातीत जमा करायचा आणि तसा दाखला घ्यायचा. पुढे ओसीआय कार्डासाठी, म्हणजे भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकाला भारत देतो त्या कार्डासाठी, तोच दाखला मागतात. कपाटाची गोष्ट पुन्हा माझ्यासमोर काढू नकोस.

आता थायलंडची बाजू. इथला राष्ट्रीयत्वाचा कायदा १९६५ चा, नंतर १९९२ आणि २००८ मध्ये मोठ्या दुरुस्त्या झालेला. त्यातलं कलम १० सगळ्यांना पाठ असतं: वय, चांगली वर्तणूक, नियमित रोजगार, सलग पाच वर्षं वास्तव्य, थाई भाषेचं ज्ञान. तुझी बायको थाई असल्यामुळे २००८ च्या दुरुस्तीनं शेवटच्या दोन अटी तुला माफ आहेत. आमच्या वेळी थाई बाईच्या परदेशी नवऱ्याला ही सवलत नव्हती. मला कायम वास्तव्याच्या परवान्यातून जावं लागलं, आणि तो एका देशाच्या जास्तीत जास्त १०० माणसांनाच वर्षाला मिळतो. तुझा रस्ता सोपा आहे, म्हणूनच तू घाईत आहेस आणि म्हणूनच मला काळजी वाटते.

कलम १९ वाचलंस का? नसशील. अर्ज करून झालेल्या नागरिकाचं राष्ट्रीयत्व काढून घ्यायची कारणं तिथे लिहिली आहेत. माहिती लपवून मिळवलेलं असणं. जुनं राष्ट्रीयत्व अजून वापरत असल्याचा पुरावा असणं. देशाच्या सुरक्षेला बाधक किंवा राष्ट्राचा अपमान करणारं कृत्य. सार्वजनिक सुव्यवस्थेच्या किंवा नीतीच्या विरुद्ध वर्तन. आणि थायलंडमध्ये अधिवास न ठेवता पाच वर्षांपेक्षा जास्त परदेशात राहणं. हे शेवटचं कारण पुन्हा वाच. नंतर तुझंच पत्र काढ. त्यात तू लिहिलंयस की आईवडील थकले तर काही वर्षं नाशिकला जाऊन राहावं लागेल. ही दोन वाक्यं तू शेजारी ठेवून कधी पाहिली नाहीस, याचाच मला राग आला.

उद्या नाशिकला सहा-सात वर्षं गेली, इथल्या ताबियन बानमधून, म्हणजे घराच्या नोंदीच्या त्या निळ्या पुस्तकातून, नाव निघालं आणि कुणीतरी कलम १९ उघडलं, तर तुझ्या हातात काय राहील? भारताचं तर राजपत्राच्या दिवशीच गेलेलं. इंग्रज माणसाचं थाई राष्ट्रीयत्व काढून घेतलं तर तो पुन्हा इंग्रज म्हणून घरी जातो. तुझं काढलं तर तू कुठलाच राहत नाहीस. ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, ते परदेशी नागरिकाला दिलेलं कार्ड आहे. भारताचं परत मिळवायची वाट कायद्यात आहे: पाच वर्षं ओसीआय आणि अर्जाआधी बारा महिने भारतात वास्तव्य. पण ती वाट नागरिकत्वासाठी नव्यानं अर्ज करायची आहे. गेलेलं आपोआप परत येत नाही. म्हणून सांगतो, मिळतं कसं ते नंतर, जातं कसं ते आधी.

छोटीच्या बाबतीत मात्र निश्चिंत राहा. तिची आई थाई, म्हणून कलम ७ प्रमाणे ती जन्मानं थाई आहे. २०१७ च्या राज्यघटनेचं कलम ३९ सांगतं की जन्मानं मिळालेलं राष्ट्रीयत्व काढून घेता येत नाही. म्हणजे एकाच जेवणाच्या टेबलावर तीन थाई नागरिक बसतील आणि त्यांपैकी फक्त बापाचं काढून घेता येईल. तुला मतदानही राजपत्रानंतर पाच वर्षांनी. खासदार किंवा मंत्री कधीच नाही, ते जन्मानं थाई असलेल्यांसाठी. मला याचं वाईट वाटलं नाही. पण हे डोळे उघडे ठेवून स्वीकारायचं असतं, नंतर कुणीतरी सांगितल्यावर नव्हे.

जन्माच्या हक्कावरही फार विसंबू नकोस, निदान इतिहास तरी माहीत असू दे. १३ डिसेंबर १९७२ ला लष्करी राजवटीनं ३३७ क्रमांकाचा आदेश काढला. ज्यांचे परदेशी आईबाप तात्पुरत्या परवान्यावर किंवा परवान्याशिवाय इथे आले होते, अशा इथेच जन्मलेल्या माणसांचं राष्ट्रीयत्व एका फटक्यात गेलं. त्यात व्हिएतनामी निर्वासितांची मुलं खूप होती. तो आदेश १९९२ मध्ये रद्द झाला, आणि गेलेलं राष्ट्रीयत्व परत द्यायची पूर्ण तरतूद यायला २००८ उजाडलं. जन्मलेले लोक तेवढ्या काळात म्हातारे झाले. आज कलम ३९ आहे हे खरं, पण ही इथली विसावी राज्यघटना आहे.

तू म्हणशील, काका, इतकं आहे तर तुम्ही का घेतलंत? गावाकडे हेच विचारतात, जरा कडू आवाजात. त्यांना दिलेलं उत्तर तुलाही देतो. २ जुलै १९९७ ला थायलंडनं आपलं चलन, बाट, बाजारभावावर मोकळं सोडलं आणि ते कोसळलं, तेव्हा मी एका कापड गिरणीत होतो. गिरणी बंद पडली. माझा व्हिसा नोकरीला बांधलेला, नोकरी संपली की राहण्याचा हक्क संपला. मुलं इथल्या शाळेत, बायको तेव्हा आजारी, आणि मी सामान बांधायचं का याचा हिशेब करत बसलो होतो. दुसरी नोकरी वेळेत मिळाली म्हणून राहिलो. त्या पावसाळ्यात मी ठरवलं की माझ्या मुलांचं घर कुठल्याही गिरणीच्या ताळेबंदावर अवलंबून असणार नाही. मी पैशासाठी थाई झालो नाही. सांतिबानच्या, म्हणजे पोलिसांच्या विशेष शाखेच्या, कचेरीत राष्ट्रगीत आणि राजगीत म्हणायला लावलं तेव्हा मी ते मनापासून म्हटलं, आणि निष्ठेची शपथ घेतली तीही मनापासून. हे मी कुणापुढेही सांगेन.

२०१४ मध्ये बँकॉकच्या आंदोलनात व्यासपीठावर बोलणाऱ्या एका भारतीय उद्योजकाला देशाबाहेर काढायचा आदेश निघाला होता, आठवत असेल. अनेक दशकं इथे राहिलेला माणूस, पण पासपोर्ट भारताचा. त्याचं राजकारण बरोबर की चूक हे बाजूला ठेव. इतकी वर्षं राहिलेल्या माणसालाही 'परदेशी, निघ' असं म्हणता येतं, एवढं त्या दिवशी आम्हा सगळ्यांना दिसलं. माझा निर्णय तोवर झालेला होता आणि तो योग्य होता, असं मी आजही म्हणतो.

तरी एक सल आहे, तो लपवत नाही. आमच्या शेताला लागून शेजाऱ्याची जमीन आहे, ओढ्यापर्यंतची. वडिलांना आयुष्यभर ती घ्यायची होती. ती विकायला निघाली तेव्हा माझ्याजवळ पैसे होते, आणि मी ती घेऊ शकत नव्हतो. परदेशी नागरिकाला, ओसीआय असला तरी, भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आली तर चालते, खरेदी नाही. भावाची ऐपत नव्हती. जमीन तिसऱ्याच माणसाकडे गेली, त्यानं तिथे प्लॉट पाडले. वडील त्यावर काही बोलले नाहीत. मी हा नियम सही करण्याआधी वाचलेला होता. वाचलेलं असूनही इतकं लागलं, मग न वाचता सही करणाऱ्याचं काय होत असेल, याचा विचार कर. उलट बाजूही आहेच: इथे थाई म्हणून घेतलेली जमीन राष्ट्रीयत्व गेल्यावर ठेवता येत नाही, परदेशी माणसाला जेवढी परवानगी असते त्यापलीकडची विकावी लागते. सूनबाईच्या माहेरच्या फळबागेत तुझं नाव लावायचा विचार चाललाय ना, म्हणून हे सांगितलं.

कागदपत्रांची यादी मी देणार नाही. ती कचेरीत छापील मिळते, आणि सूनबाई तुझ्यापेक्षा चांगली वाचेल. मुलाखतीची भीतीही सोड, कारखान्यात रोज थाई बोलणाऱ्याला ती जड जाणार नाही. त्याआधी दोन कामं कर. छोटीच्या ओसीआयची चौकशी या महिन्यात कर, तुझ्या अर्जाशी त्याचा काही संबंध नाही आणि थांबायचं कारणही नाही. आणि नाशिकला फोन लाव. बाबांना सरळ विचार की थकल्यावर ते बँकॉकला येतील, की तू तिकडे यावंस अशी त्यांची अपेक्षा आहे. तू परस्पर ठरवू नकोस, त्यांच्या तोंडून ऐक. मग तोच प्रश्न सूनबाईला विचार: नाशिकला राहायची वेळ आली तर पाच वर्षांच्या आत ती तुला परत आणेल का, आणि तोवर तिच्या घराच्या ताबियन बानमध्ये तुझं नाव ठेवेल का?

त्या दोघांची उत्तरं मला लिहून पाठव. तुझं मत त्यात घालू नकोस. ती आली की एखाद्या रविवारी इथे बँकॉकच्या सीलोम भागात ये, अर्ज आपण एकत्र बसून भरू.

तुझा,
काका