निघण्यापूर्वीचे दोन महिने

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाचे प्रवेशपत्र आले, व्हिसाही हाती पडला आणि गणपती उठल्यावर सप्टेंबरअखेरीस तुझे विमान आहे, हे तुझ्या बाबांकडून समजले. तू सामानाची एक आणि भेटीगाठींची एक अशा दोन याद्या केल्या असून दोन्ही रोज वाढतच चालल्या आहेत, असेही ते म्हणाले. साताऱ्यातून शिकायला जर्मनीला जाणारी मुले आणि त्यांच्या मागे राहणारी घरे मी बरीच जवळून पाहिली आहेत, म्हणून या दोन याद्यांबद्दल आणि तू अजून न केलेल्या तिसऱ्या यादीबद्दल सविस्तर लिहितो.

कागदपत्रांचे काम ऑगस्टच्या मध्यापर्यंत संपवून टाक, म्हणजे शेवटचे पंधरा-वीस दिवस माणसांसाठी मोकळे राहतील. एपीएसचे (आपली शैक्षणिक कागदपत्रे खरी असल्याचे) प्रमाणपत्र, ब्लॉक्ड अकाउंट (राहण्या-खाण्याच्या खर्चाची रक्कम आगाऊ भरून ठेवायचे खाते), आरोग्य विमा ही मोठी कामे व्हिसाच्या निमित्ताने झालीच आहेत, तेव्हा त्यांबद्दल लिहीत नाही. मात्र ब्लॉक्ड अकाउंटविषयी एक गोष्ट लक्षात ठेव. वर्षाचे 11,904 युरो तिथे जमा असले तरी ते तुला दरमहा 992 युरो या हिशेबानेच मिळणार आहेत, आणि तेही तिथे पोहोचून खाते सुरू करून घेण्याचे सोपस्कार पूर्ण झाल्यानंतर. खोलीची अनामत रक्कम, पहिले भाडे, गादी-उशी, भांडीकुंडी हा सगळा खर्च मात्र पहिल्याच आठवड्यात उभा राहतो. म्हणून साधारण दीड-दोन महिन्यांचा खर्च भागेल एवढी वेगळी सोय फॉरेक्स कार्डावर आणि थोडी रोख युरोत करून ठेव.

दुसरी गोष्ट पत्त्याच्या नोंदणीची, जिला तिथे आन्मेल्डुंग म्हणतात. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ही नोंदणी करावी लागते आणि तिच्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. मोठ्या शहरांत या नोंदणीसाठी भेटीची वेळ लवकर मिळत नाही, म्हणून खोली पक्की होताच इथूनच वेळ घेऊन ठेव आणि दाखल्याबद्दल घरमालकाला आत्ताच विचारून घे. शक्य असेल तर शनिवारी संध्याकाळी पोहोचणारे विमान टाळ. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात, आणि नव्या गावातला पहिला दिवस रिकाम्या खोलीत आणि उपाशीपोटी काढण्यात काही शौर्य नाही.

बँकेचे काम कंटाळवाणे असल्यामुळे बहुतेक मुले ते टाळतात. शिक्षणासाठी परदेशी राहणारा माणूसही परकीय चलनाच्या कायद्याने अनिवासी ठरतो, त्यामुळे तुझे इथले साधे बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाच्या इथल्या रुपयांच्या खात्यात बदलून घ्यावे लागेल. तेवढ्यासाठी शाखेत एक सकाळ घालव. त्याच दिवशी तुझ्या मोबाइल क्रमांकावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घे आणि तो क्रमांक चालू ठेवण्याची जबाबदारी घरातल्या एका माणसावर नावानिशी सोपव. ओटीपी या क्रमांकावरच येणार आहेत, आणि रिचार्ज संपल्यामुळे बंद पडलेला क्रमांक आखेनमध्ये बसून पुन्हा मिळवणे फार जिकिरीचे असते. दातांची तपासणी आणि चष्म्याची एक जास्तीची जोडीही इथूनच करून ने.

आता सामान. तुझी आत्या कंदी पेढ्यांचे दोन डबे देणार असल्याचे मी ऐकले आहे. आत्याला आधीच समजावून सांग की युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आत नेता येत नाहीत, आणि आपल्या साताऱ्याचा पेढाही त्याला अपवाद नाही. हाच नियम साजूक तुपालाही लागू आहे. ताजा कढीपत्ताही नेता येत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आपल्याकडच्या विमानतळावरच काढून घेतात, कारण खोबरे ज्वालाग्राही समजले जाते. कांदा-लसूण मसाला, मेतकूट, भाजणी, डाळी, पोहे खुशाल ने, परंतु मसाल्याला तेल सुटते, म्हणून तो दोन पिशव्यांत घालून तोंड घट्ट बांध आणि कपड्यांच्या बॅगेत ठेवू नकोस. कुकर नेणार असशील तर इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा ने. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत ठेव.

आणि वजनाचा विचार केवळ विमान कंपनीच्या मर्यादेपुरता करू नकोस. फ्रँकफर्टला उतरल्यावर पुढे रेल्वेने जायचे आहे, गाडी बदलावी लागली तर जिने चढायचे-उतरायचे आहेत, आणि तिथे हमाल मिळणार नाही. प्रस्थानाच्या आठ दिवस आधी दोन्ही बॅगा भरून घराचा जिना एकदा एकटीने चढून बघ. जे उचलवणार नाही ते त्याच दिवशी काढून ठेव. तुझ्या मामांच्या ओळखीच्या कुणीतरी आपल्या मुलासाठी एक छोटेसे पार्सल नेण्याची विनंती केली असेल, किंवा अजून करायची असेल. शिवून-चिकटवून बंद केलेले कुणाचेही पार्सल घेऊ नकोस. उघडून दाखवा, मग पाहू, असे नम्रपणे सांग. यात वाईटपणा येतो हे मला ठाऊक आहे, तो सोस. सीमाशुल्क अधिकाऱ्यासमोर बॅग तुझ्या नावाची असते.

भेटीगाठींच्या यादीत तू कास, सज्जनगड, ठोसेघर, महाबळेश्वर, पुण्यातल्या मैत्रिणींसोबत राजगड, आणि शिवाय तीन निरोपाच्या पार्ट्या लिहिल्या आहेस, असे कळले. यादी चांगली आहे, पण ती निरोपाची वाटत नाही, सहलीची वाटते. पंधरा जणांची गाडी काढून कासला गेले की दिवस फोटो काढण्यात आणि गाड्या लावायला जागा शोधण्यात जातो, आणि जिच्याशी खरोखर बोलायचे असते ती मैत्रीण मागच्या सीटवर बसून राहते. सप्टेंबरमध्ये पठार फुलांनी भरलेले असते आणि गर्दीही तेव्हाच सर्वाधिक असते. जायचेच असेल तर आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, प्रवेशाची नोंदणी आधी करून, दोघी-तिघीच जा. राजगडाचा बेत मी तरी कापला असता, कारण पावसाळ्यात निसरड्या वाटेवर पाय मुरगळला तर त्या पायाने दोन बॅगा घेऊन परदेश गाठावा लागेल. त्याऐवजी भल्या पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढून जा. गाव पायाशी पसरलेले दिसते, आणि उतरल्यावर मिसळ खाऊन नऊच्या आत घरी येता येते. पार्ट्या तीनऐवजी एकच कर आणि तीही सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याआधी उरकून घे.

नातेवाइकांच्या जेवणांना मात्र माझी कात्री लागू नाही. काकू, मावशी, शेजारच्या आजी या सर्वांना तुला एकदा पानावर बसवून वाढायचे असते, आणि शेवटच्या आठवड्यात रोज दोन ठिकाणी पुरणपोळी खाऊन तू पोट बिघडवून घेतलेस तर त्यांचाही हिरमोड होईल. म्हणून ही निमंत्रणे ऑगस्टपासूनच सुरू कर. गणपतीत तर सगळे आपोआप एकत्र येतात, तेव्हा आरतीनंतर प्रत्येकाजवळ दहा मिनिटे बसलीस तरी निम्मी यादी संपेल. पालच्या खंडोबाला जायचे असेल तर आई-बाबांबरोबर आणि आजीला घेऊन जा, भले त्यासाठी गाडी देवळाच्या अगदी जवळ नेण्याची खटपट करावी लागो.

आता तिसरी यादी, जिच्यासाठी मी खरे तर हे पत्र लिहायला घेतले. गेल्या पाच-सहा वर्षांत तुमच्या घरातली किती कामे नकळत तुझ्या हातात आली आहेत, याचा तू विचार केला आहेस का? विजेचे बिल तू भरतेस, गॅसची नोंदणी तुझ्या मोबाइलवरून होते, आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या की ते तुझ्या लक्षात येते, बाबांच्या पेन्शनसाठी दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला ऑनलाइन तूच भरून देतेस, आणि आईच्या फोनवर काही नको ते उघडले की हाक तुलाच मारतात. तू गेल्यावर ही कामे थांबणार नाहीत. ती करायची कशी, हे कुणालाच नीट ठाऊक नसेल, आणि तुझी अडचण नको म्हणून ते तुला विचारणारही नाहीत.

तेव्हा एक दोनशे पानी वही घे. मोबाइलमधली टिपण नको, वहीच हवी, कारण बाबांना चष्मा लावून बोट ठेवून वाचता आले पाहिजे. तिच्यात प्रत्येक कामाला एक पान दे. वीजबिलाच्या पानावर ग्राहक क्रमांक, बिल साधारण कधी येते, कोणत्या ॲपमधून भरायचे, कोणते बटण आधी आणि कोणते नंतर, हे सगळे मोठ्या अक्षरात लिही. औषधांच्या पानावर गोळीचे नाव, मात्रा, दुकानदाराचा क्रमांक आणि डॉक्टरांच्या तपासणीचे महिने लिही. पासवर्ड आणि पिन मात्र वहीत लिहू नकोस, ते आई-बाबांनी आपल्या पद्धतीने जपावेत. फोनवर स्वतःला पोलीस किंवा बँकेचा अधिकारी म्हणवणारा कुणी पैसे किंवा ओटीपी मागू लागला तर काहीही न बोलता फोन ठेवायचा, आणि पैसे गेलेच तर लगेच 1930 या क्रमांकावर तक्रार करायची, हे पहिल्याच पानावर लाल शाईने लिहून ठेव. मुलगी परदेशी आहे असे कळले की तिला तिकडे अटक झाल्याची बतावणी करणारे फोन येऊ शकतात, हेही त्यांना तुझ्याच तोंडून कळू दे.

वही लिहून काम संपत नाही. सप्टेंबरचे वीजबिल बाबांना भरू दे आणि तू शेजारी हात बांधून बस. ते चुकीचे बटण दाबतील, चिडतील, तूच कर म्हणून फोन तुझ्या हातात देतील. फोन परत त्यांच्याच हातात दे. ऑगस्टमध्ये एकदा आणि सप्टेंबरमध्ये एकदा असे झाले की ऑक्टोबरचे बिल ते विनासायास भरतील आणि तुला ते फोनवर सांगताना त्यांच्या आवाजात जरा ऐटही असेल. माझ्या मते यातच तुझा खरा निरोप आहे. पार्टीत होणारी भाषणे कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

फोनच्या वेळाही जाण्याआधीच ठरव. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपली घड्याळे जर्मनीच्या साडेतीन तास पुढे असतात, नंतर ते अंतर साडेचार तासांचे होते. आजी साडेनऊला झोपते. तुझे तास संध्याकाळी उशिरापर्यंत असले तर रोजचा फोन जमणार नाही, आणि रोज करीन असे तू आता सांगितलेस तर पहिल्याच चुकलेल्या दिवशी घरात काळजीचे वातावरण होईल. म्हणून रविवारी दुपारी सर्वांशी निवांत फोन आणि मधल्या दिवशी नुसता खुशालीचा निरोप, एवढेच कबूल कर. जमेल तेव्हा जास्त बोलता येईलच.

विमानतळावर दोन गाड्या भरून लोक येऊ पाहतील. सातारा ते मुंबई हा प्रवास, त्यात वाटेतली वाहतूक, आणि तिथे पोहोचल्यावर तिकीट नसलेल्यांना आत प्रवेश नाही. बाहेरच्या गर्दीत, ढकलगाडी सांभाळत, घाईघाईने नमस्कार उरकावा लागतो. त्यामुळे औक्षण, हातावरचे दही-साखर, मोठ्यांच्या पाया पडणे हे सगळे घरीच होऊ दे आणि मुंबईला फक्त आई-बाबांना येऊ दे. आजीला आपण मागे राहिलो असे वाटू नये, म्हणून त्या दिवशी सकाळचा चहा तिच्या खोलीत बसून घे.

आखेनला पोहोचून पत्त्याची नोंदणी झाली की मला दोन ओळी लिही. त्यानंतर ब्लॉक्ड अकाउंटमधून पहिला हप्ता किती दिवसांनी मिळाला तेही कळव, कारण पुढच्या वर्षी जाणारे दोघेजण आत्ताच मला तेच विचारत आहेत.

तुझा शुभचिंतक