चीनशी मुक्त व्यापार झाला तर खत स्वस्त होईल का?

प्रश्न (शिरोळ, हातकणंगले व कागल तालुक्यांतील ऊस उत्पादक) : भारत आणि चीन या शेजारी देशांनी मुक्त व्यापार करार करावा का? करार झाल्यास विद्राव्य (पाण्यात विरघळणारी) खते निम्म्या दरात मिळतील व आपल्या साखरेला चीनची बाजारपेठ खुली होईल, असे एक विक्रेता सांगतो. दुसरा म्हणतो की चीनचा माल बंद होणार, आत्ताच साठा करा. आम्ही काय करावे?

उत्तर : दोन्ही विक्रेत्यांचे ऐकू नका. दोन देशांत आज असा करार नाही. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये बँकॉक येथे भारताने आरसेप या आशियाई-प्रशांत देशांच्या व्यापार करारातून माघार घेतली, त्या गटात चीन होता आणि आजही आहे. जो करार अस्तित्वातच नाही, त्याच्या भरवशावर कोणी खत विकत असेल तर तो आपला माल खपवत आहे, एवढेच समजावे.

आता खताच्या दराचे पाहू. 19:19:19, 12:61:00 (नत्र, स्फुरद व पालाश यांचे टक्के) यांसारख्या विद्राव्य खतांचा मोठा वाटा चीनमधून येतो, हे खरे आहे. परंतु 2021 च्या ऑक्टोबरपासून चीनने खतांच्या निर्यातीवर सक्तीची तपासणी लावली आणि 2025 च्या उन्हाळ्यात आपल्याकडे येणारा माल अडला, तेव्हा अडथळा आपल्या आयात शुल्काचा नव्हता. अडथळा चीनच्या बाजूचा होता. आपण शुल्क शून्यावर आणले तरी समोरच्याने बंदरावर माल रोखला तर पोते कोल्हापूरपर्यंत पोहोचणार नाही. म्हणून करारात निर्यात न रोखण्याची हमी मिळत नसेल, तर केवळ शुल्कमाफीने ठिबकच्या टाकीत काही पडणार नाही.

साखरेबाबत तर विक्रेत्याचे बोलणे साफ चुकीचे आहे. चीन साखर आयात करतो, पण वर्षाला 19.45 लाख टनांपर्यंत 15 टक्के शुल्काने आणि त्यापुढे 50 टक्क्यांनी. शिवाय आपली निर्यात जून 2022 पासून आपल्याच केंद्र सरकारने नियंत्रणाखाली ठेवली आहे. ती जोपर्यंत मोकळी होत नाही, तोपर्यंत चीनचे दार कितीही उघडले तरी उसाच्या बिलात एक रुपया वाढणार नाही.

मग करार करावा का? माझे स्पष्ट मत असे की सरसकट करू नये. 2024-25 मध्ये आपण चीनकडून 113 अब्ज डॉलरहून अधिक किमतीचा माल घेतला आणि त्यांना सुमारे 14 अब्जांचा विकला. एवढी तफावत असताना सर्व शुल्के एकदम काढणे म्हणजे दीड वर्षाच्या आडसाली उसाचा सगळा नत्र लागणीच्या दिवशीच टाकण्यासारखे आहे. राहुरी कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी 400 किलो नत्राची आहे, पण ती लागणीला 10 टक्के, 6 ते 8 आठवड्यांनी 40, 12 ते 16 आठवड्यांनी 10 आणि मोठ्या बांधणीला 40 अशी विभागून, कारण पीक एका वेळी तेवढेच घेऊ शकते. इचलकरंजीचा यंत्रमाग आणि शिरोलीची फौंड्री, जिथे आपल्याच घरातील मुले कामाला आहेत, त्यांनाही सावरायला अशीच मुदत लागेल. खतांचा कच्चा माल व यंत्रांचे सुटे भाग यांवरील शुल्क आधी टप्प्याटप्प्याने कमी करावे. दूध मात्र करारात आणूच नये. चिनी दुधावर मेलामाइनच्या भेसळीनंतर 2008 पासून बंदी आहे आणि ती कोणत्याही सवलतीच्या बदल्यात उठवू नये.

मालाचा उगम कोठला, ही अटही कडक हवी. श्रीलंकेशी असलेल्या मुक्त व्यापाराच्या आडून व्हिएतनामची मिरी आपल्याकडे उतरू लागली, तेव्हा 2017 च्या डिसेंबरमध्ये किलोला 500 रुपये किमान आयात दर ठरवावा लागला. तोवर मिरी बागायतदाराचे व्हायचे ते नुकसान झाले होते.

साठ्याविषयी पुन्हा सांगतो, साठा करू नका. गेल्या पावसाळ्यात शिरोळ भागातील एका शेडमध्ये मी स्वतः विद्राव्य खताचे पोते कापून पाहिले. दुकानदाराच्या धाकाने घेतलेली चाळीस पोती दमट हवेत दगड झाली होती आणि त्या शेतकऱ्याने तो दगड कुटून, वाया जाऊ नये म्हणून, दुप्पट मात्रेने सोडला होता. जमीन आधीच क्षारपड, त्यात हा भडिमार, उसाची पाने कडेने करपली होती. दुप्पट मात्रा देऊ नका. लेबलवर आयातदाराचे नाव, उत्पादनाची तारीख व घटकांचे प्रमाण नसलेले पोते स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. युरियासोबत दुसरी बाटली घेण्याची सक्ती झाल्यास पक्के बिल मागा आणि तालुका कृषी कार्यालयात लेखी तक्रार द्या.

चीनवरचे अवलंबन कमी करण्याचा खात्रीचा मार्ग आपल्या खोडव्यातच (तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसात) पडलेला असतो आणि आपण तो पेटवतो. एका हेक्टरमधून 8 ते 10 टन पाचट (उसाचा वाळलेला पाला) निघते. पाचट पेटवू नका. सरीत दाबून प्रत्येक टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट व 1 किलो पाचट कुजविणारे जिवाणू द्या, पाणी द्या. ज्यांनी हे सलग तीन खोडव्यांत केले, त्यांच्या शेतात विद्राव्य खताची गरज घटलेली मी पाहिली आहे. माती परीक्षण करूनच मात्रा ठरवा.

ठिबकसाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा, केंद्राच्या योजनेतून अल्प व अत्यल्पभूधारकांना 55 टक्के व इतरांना 45 टक्के अनुदान आहे. खरेदी पूर्वसंमती मिळाल्यावरच करावी, विक्रेत्याने आधी बसवून देतो म्हटले तरीही नाही.