पहिली शॉटगन कोणती घ्यावी, सिंगल शॉट की सेमी-ऑटो?

टेक्सासमध्ये क्ले शूटिंग (हवेत उडवलेल्या चकत्या टिपण्याचा खेळ) शिकायचंय, पुढे पंधरा वर्षांच्या मुलीलाही शिकवायचंय, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत विचाराल तर बारातून निघणाऱ्या गॅसवर चालणारी, वीस बोअरची (बारा बोअरपेक्षा बारीक नळीची) सेमी-ऑटो, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणारी बंदूक घ्या, आणि सुरुवातीला तिच्यात एका वेळी एकच काडतूस भरा.

रेंजवर बहुतेक जण आधी सिंगल शॉट, म्हणजे एका वेळी एकच काडतूस मावणारी बंदूक, घ्यायला सांगतात. स्वस्त ती आहेच. पण ही साधी बंदूक, म्हणजे आपल्या गावाकडची सिंगल बारच, जेमतेम अडीच-पावणेतीन किलोची असते. काडतूस तेच असलं तरी बंदूक जितकी हलकी, तितका खांद्याला दणका जास्त. एका राउंडला २५ क्ले. राउंड निम्मा होईतो नवखा माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतो, आणि ही सवय लागली की सुटता सुटत नाही. हौसेने आलेली मुलं यापायी खेळ सोडून गेलेली मी पाहिली आहेत, म्हणून एवढं कळकळीने सांगतोय. १९६३ साली आलेली रेमिंग्टन ११०० ही गॅसवर चालणारी सेमी-ऑटो तिच्या मऊ धक्क्यासाठीच नावाजली गेली. नळीतल्या गॅसचा थोडा भाग बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) मागे ढकलण्यात खर्च होतो, त्यामुळे धक्का एकदम न बसता जरा पसरून येतो.

सुरक्षिततेत मात्र सिंगल शॉट सरस. मधून उघडली की नळी रिकामी आहे हे शेजारच्यालाही दिसतं. सेमी-ऑटो बार झाल्याबरोबर पुढचं काडतूस आपोआप नळीत चढवते. क्ले फुटल्याच्या आनंदात मुलगी बंदुकीसकट मागे वळली तर हातात भरलेली बंदूक असेल. एकच काडतूस भरा म्हणतो ते यासाठी. स्कीटमध्ये (क्ले शूटिंगचाच एक प्रकार) जोडीने क्ले सुटतात तेव्हा दोन भराल, तोवर हाताला वळण लागलेलं असेल.

सेमी-ऑटोची साफसफाई जास्त, काजळी धरते. होल्यांच्या (डव्ह) शिकारीला नेलीत तर तीनपेक्षा जास्त काडतुसं मावणार नाहीत असा प्लग आत हवा, तो संघीय नियम आहे.

आणि तुम्ही एच-१बीवर असाल तर दुकानात जाण्याआधी शिकारीचा परवाना काढा. ग्रीन कार्ड नसताना, शिकारीच्या वैध परवान्याशिवाय बंदूक विकत घेणंच काय, जवळ बाळगणंही संघीय गुन्हा ठरू शकतो.