पूर्वग्रह, पूर्वाग्रह आणि मधली मगर

प्रश्न समाजकार्याच्या एका विद्यार्थिनीचा आहे. पारधी वस्तीवरच्या गृहभेटीच्या अहवालात तिने लिहिलं, 'कुटुंब फिरतं असल्याने पालक मुलांच्या शिक्षणाबाबत उदासीन.' मार्गदर्शकांनी समासात लाल शाईने शेरा मारला: 'पूर्वाग्रह!' हा शब्द बरोबर आहे का, असं ती विचारते.

शेरा बरोबर, शब्द चूक. हिंदीतला पूर्वाग्रह हल्ली मराठी बातम्यांत नि व्याख्यानांत राजरोस वावरतो. हिंदीत तो सुखाने नांदो. मराठीत आग्रह होतो तो पंगतीत, जिलबीचा. म्हणजे पूर्वाग्रह पान मांडायच्या आधीच 'अजून एक घ्या'! आपण 'त्याने तुझ्याबद्दल वाईट ग्रह करून घेतलाय' म्हणतो ना? माणूस कळायच्या आधीच करून घेतलेला तो पूर्वग्रह. 'दोन्ही चालतं' म्हणणाऱ्यांना चालू द्या, मला चालत नाही.

आता खरी गंमत. हा ग्रह पत्रिकेतल्या मंगळ-शनीचा सख्खा भाऊ. धातू ग्रह्, म्हणजे धरणे, पकडणे. पाणिनीच्या तिसऱ्या अध्यायात दोन सूत्रं पाठोपाठ येतात. 'विभाषा ग्रहः' यातून पाण्यातला ग्राह, म्हणजे मगर, आणि आकाशातला ग्रह. लगेच पुढे 'गेहे कः', त्याच धातूपासून गृह. मगर, शनी आणि घर, सगळे एका दमात! युरोपीय व्युत्पत्तिकार गृहाला कुंपण घालण्याच्या निराळ्याच धातूकडे नेतात आणि इंग्रजी यार्ड-गार्डनशी त्याची सोयरीक जुळवतात. ध्वनिनियम असतील त्यांच्या बाजूने. रस पाणिनीकडे आहे. सुश्रुताने लेकरांना धरणारे नऊ बालग्रह सांगितलेत, पूतना, रेवती, शकुनी वगैरे. माझा लाडका तर्क असा की पूर्वग्रहही त्याच गोत्रातला. 'करून घेतला' हे आपलं म्हणणं. खरं तर तोच आपल्याला धरतो. आणि 'गृहीत धरणे' बघा. गृहीत म्हणजेच धरलेलं, वर पुन्हा धरणे. पकड दुहेरी, आणि गृहभेटीला निघताना ती वहीच्याही आधी पिशवीत पडलेली असते.

पारध्यांच्या बाबतीत तर ही पकड सरकारी आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. रोजची हजेरी आली, तारेच्या कुंपणातल्या वसाहती आल्या. सोलापुरात त्या भागाला अजून सेटलमेंट म्हणतात. (तिथे मात्र यार्डवाल्यांची व्युत्पत्ती खरी ठरते, हे कबूल.) १९५२ साली कायदा गेला, 'विमुक्त' हा शब्द आला. भाषेतून काय गेलं? 'भामटा' घ्या. राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत ते एका जमातीचं नाव आहे आणि आपल्या तोंडी ठकाचं. शाळेत गुरुजी तो शब्द सहज वापरतात, समोरच्या बाकावर त्या जमातीचं पोर बसलेलं असलं तरी.

बरं, तुमचा अहवाल. पुढच्या भेटीत आईने सांगितलं की जन्मदाखला नाही म्हणून प्रवेशासाठी शाळेत खेटे घालतेय, हे तुम्हीच पत्रात लिहिलंय. मग अहवालात तेच घाला. 'उदासीन' खोडा. उद् अधिक आसीन, म्हणजे बाजूला बसलेला. ही बाई बसलीय कुठे?