यादीत दिसणारी स्क्रिप्ट चालत का नाही?

प्रश्न : लिनक्सवर मी लिहिलेली स्क्रिप्ट (कमांडची फाइल) ‘एलएस’ ही फोल्डरमधल्या फाइलींची यादी दाखवणारी कमांड दिल्यावर यादीत दिसते, मात्र तिचे नाव टाइप करून एंटर दाबले की ‘कमांड नॉट फाउंड’ असा संदेश येतो. असे का होते?

उत्तर : नुसते नाव दिले, की शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारे सॉफ्टवेअर) चालू फोल्डरमध्ये शोधत नाही, ‘पाथ’ या व्हेरिएबलमध्ये (नाव देऊन साठवलेल्या सेटिंगमध्ये) कोलनने वेगळी केलेली जी फोल्डर नोंदवलेली असतात, त्यांतच ते क्रमाने पाहते आणि त्या नावाचा जो प्रोग्राम आधी सापडेल तो चालवते. नावाआधी टिंब आणि स्लॅश लिहिल्यास ‘याच फोल्डरमधली फाइल’ असा अर्थ होतो. एवढ्यावर ‘परमिशन डिनाइड’ (परवानगी नाकारली) असे आले, तर ‘सीएचमॉड यू+एक्स’ आणि पुढे फाइलचे नाव देऊन चालवण्याची परवानगी द्यावी.

पाथमध्येच टिंब, म्हणजे चालू फोल्डर, घालून ठेवण्याचा सल्ला काही जण देतात. तो मानू नये. ‘टीएमपी’सारख्या सर्वांना लिहिता येणाऱ्या फोल्डरमध्ये कोणी ‘एलएस’ याच नावाची घातक फाइल ठेवली आणि पाथमध्ये टिंब सर्वांत आधी असले, तर तिथे यादी पाहायला ‘एलएस’ देताच तीच फाइल तुमच्या अधिकारांनिशी चालेल. टिंब शेवटी ठेवले तरी टाइप करताना होणारी चूक हेरून त्या चुकीच्या नावाने ठेवलेली फाइल चालू शकतेच.