‘दाढीवाला’ म्हणजे नरच का?

प्रश्न: येत्या मे महिन्यात मी न्यूयॉर्क राज्यात पहिल्यांदाच टर्कीच्या शिकारीला जाणार आहे. वसंताच्या हंगामात ‘फक्त दाढीवाले पक्षी’ मारता येतात, असा नियम आहे. म्हणजे फक्त नरच ना? आणि कोवळा नर चालतो का?
– एक वाचक, ऑल्बनी

उत्तर: नियमाचे शब्द नीट वाचा, तिथे ‘नर’ म्हटलेलंच नाही. अट दाढीची आहे. ही दाढी हनुवटीला नसते. छातीच्या मधोमध घोड्याच्या शेपटीच्या केसांसारखा राठ, काळा झुबका लोंबतो, ती दाढी. वर्षभराच्या नराला (इथले शिकारी त्याला जेक म्हणतात) ती तीन-चार इंचांचीच असते, तरी तुमच्याकडे तो चालतो. मिसिसिपीत मात्र प्रौढ शिकाऱ्याला जेक मारता येत नाही. म्हणून दुसऱ्या राज्यातल्या मित्राचं ऐकून बंदूक उचलू नका.

आता अडचणीची गोष्ट. काही माद्यांनाही दाढी असते, आणि न्यूयॉर्कच्या नियमाने अशी मादी मारणं गुन्हा नाही. मला अशी मादी माझ्या शिकारीच्या तिसऱ्या वर्षी दिसली. वीस पावलांवर, बारीकशी दाढी, पण डोकं निळसर राखाडी आणि छातीच्या पिसांची टोकं तपकिरी. नराची टोकं काळी असतात, डोकं लाल-पांढरं-निळं. मी बंदूक खाली ठेवली. मे महिन्यात ती दहा-बारा अंड्यांवर अठ्ठावीस दिवस एकटी बसते. नर घरट्याकडे फिरकतही नाही. एक नर अनेक माद्यांना पुरतो, म्हणून वसंतात थोडे नर कमी झाले तरी पिल्लांचं फारसं अडत नाही. मादी गेली तर सगळं घरटंच गेलं. कायदा सोडतो म्हणून तिला मारू नका, ही माझी कळकळीची विनंती.

बाकीचं थोडक्यात. शिकारीच्या परवान्याखेरीज टर्कीचा वेगळा परवाना लागतो. सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून दुपारी बारापर्यंतच वेळ, दिवसाला एक पक्षी, हंगामात दोन. रायफल चालत नाही. छर्‍यांची बंदूक किंवा धनुष्यबाण घ्या. पक्षी पडला की टॅग (मारलेल्या पक्ष्याची नोंदचिठ्ठी) तिथेच भरायचा, गाडीशी पोचल्यावर नव्हे. शरदाच्या हंगामात दाढीची अट नसते, तेव्हा मादीही चालते. दोन हंगामांचे नियम एकमेकांत मिसळू नका.

आणि लाल, पांढरं, निळं काहीही अंगावर नको, खिशातला रुमालसुद्धा; नराच्या डोक्याचे रंग हेच. झाडीतून ‘गॉबल’ (नराची साद) ऐकू आलं तर त्या दिशेने सरपटत जाऊ नका. तो आवाज टर्कीची नक्कल करणारी शिट्टी घेऊन बसलेल्या दुसऱ्या शिकाऱ्याचा असू शकतो. तुमच्या खांद्याहून रुंद झाडाला पाठ टेकून बसा आणि पक्ष्याला तुमच्याकडे येऊ द्या. दाढी आणि डोकं दोन्ही स्वच्छ दिसेपर्यंत बोट ट्रिगरवर जाता कामा नये.